ताण आणि बहार

यंदा रमजानचे शेवटचे दहा दिवस सुरू झाले आणि आमच्या अंगणातला कडुनिंब फुलला. सहरीसाठी उठून स्वयंपाकघराचा दिवा लावला की खिडकीतून त्या फुलांचा मधासारखा मंद वास येई. सकाळी रस्त्यावर रिक्षा सुरू झाल्या की हा वास हरवून जातो. तो सहरीला उठणाऱ्यांनाच मिळतो.

अम्मी होती तेव्हा फजरनंतर झाडू हातात घेण्याआधी ती अंगणात पडलेली चार-दोन फुले वेचून ताटलीत ठेवी. मग दुपारी चष्मा लावून ती फुले बघत उशीच्या अभ्र्यावर कशिदा काढी. पांढऱ्या पाच पाकळ्या, मध्ये फिकट पिवळसर नळी. कडुनिंबाचे फूल इतके लहान असते की त्याला पाकळ्या किती, हे वर्षानुवर्षे त्याच झाडाखाली राहणाऱ्यालाही सांगता येत नाही. अम्मीला सांगता येत होते. ती शाळेत फारशी गेली नव्हती. कुरआन शरीफ नाझरा पढलेली होती आणि उर्दूत सही करायची, एवढेच तिचे शिक्षण.

दोन वर्षांपूर्वी शाबानमध्ये अम्मी गेली. तिचा शेवटचा अभ्रा रिंगमध्ये तसाच राहिला, सुईसकट. ती पत्र्याची पेटी उघडायचे धाडस मला होत नव्हते. तिच्याबद्दल शेवटी सांगेन. आधी या वसंताने मला आणि माझ्या वर्गाला काय शिकवले ते सांगते.

फळ्यावरचे तीन शब्द

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. आमच्या मुलांना मराठी म्हणजे परक्याचे घर वाटते, दारातच थबकतात. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला मी फळ्यावर तीन शब्द लिहिते : रब्बी, बहार, कलम.

रब्बीचा हंगाम प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. हा शब्द अरबी ‘रबी’पासून आला, आणि रबी म्हणजे वसंत. थंडीत पेरलेले पीक वसंतात हाती येते म्हणून तो रब्बी हंगाम. आपल्या ‘रबी-उल-अव्वल’ महिन्याच्या नावातही हाच वसंत आहे. हिजरी वर्ष चंद्राचे असल्यामुळे आता तो महिना सगळ्या ऋतूंतून फिरतो, पण नावात वसंत टिकून आहे. बहार हा फारसी शब्द, त्याचाही अर्थ वसंत. आणि कलम? लिहायची लेखणी ती कलम, चित्रकाराची कुंचली तीही कलम, आणि आंब्याच्या कोयीच्या रोपावर चांगल्या झाडाची काडी बांधतात तेही कलम. लिहिणे, रंगवणे आणि झाड वाढवणे या तिन्ही कामांना एकच शब्द आहे. हे सांगितले की मुले मराठीच्या दारातून आत येतात.

या वर्षी ‘बहार’ शब्दावर वर्ग अडला. एका मुलाच्या मामाची पैठण तालुक्यात मोसंबीची बाग आहे. तो उभा राहून म्हणाला, “मॅडम, बहार एकच नसते. मामूकडे आंबे बहार, मृग बहार आणि हस्त बहार असतात.” मी त्यालाच समजावून सांगायला लावले. मोसंबी वर्षातून तीनदा फुलू शकते. शेतकऱ्याला त्यातला एक बहार निवडावा लागतो, त्याला ‘बहार धरणे’ म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुले हवी असतील तर तो आंबे बहार. त्यासाठी डिसेंबरच्या आसपास झाडाचे पाणी तोडतात. झाडाची पाने मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. याला ‘ताण देणे’ म्हणतात. ठरावीक दिवस झाले की खत घालून आधी हलके पाणी देतात, मग हळूहळू वाढवतात. याला ‘ताण तोडणे’ म्हणतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत झाड पांढऱ्या फुलांनी भरून जाते.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, म्हणजे झाडाचाही रोजा असतो का?”

वर्ग हसला. मीही हसले, पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला.

एका वडिलांची तक्रार

त्याच सुमारास नववीतल्या एका मुलीचे वडील शाळेत आले. मुलीचा हात चांगला आहे. चित्रकलेच्या शिक्षकांनी तिला शासकीय रेखाकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसायला सांगितले होते. या परीक्षा पास झाल्या की दहावीला वाढीव गुणही मिळतात. तिने सरावासाठी बाजाराचे चित्र काढले होते, माणसे, बायका, बैल, सगळे. ते वडिलांच्या नजरेला पडले. मी वर्गशिक्षिका, म्हणून ते माझ्याकडे आले.

“मॅडम, जानदाराची तस्वीर काढणं बरं नाही असं आम्ही लहानपणापासून ऐकलंय. मग शाळा का शिकवते?”

माणूस भांडखोर नव्हता. लाकडाचे काम करणारा, बोटांच्या कडांना पॉलिश लागलेले. मुलीच्या फीची पावती त्यांनी पाकिटात नीट घडी घालून ठेवली होती. मी म्हटले, “भाई, मी आलिमा नाही. या विषयात उलमांची मते आहेत, ती त्यांनाच विचारावीत. पण एक हदीस मला ठाऊक आहे.”

ती हदीस सहीह बुखारीत आहे. एक माणूस हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे आला. चित्रे काढून पोट भरणे हाच त्याचा व्यवसाय होता. इब्ने अब्बासांनी त्याला प्रेषितांचे (स.) सजीवांच्या चित्रांविषयीचे कडक शब्द ऐकवले. तो माणूस भीतीने पांढरा पडला. तेव्हा त्यांनी त्याला मार्ग दाखवला : काढायचेच असेल तर झाडे काढ, ज्यांत रूह नाही अशा वस्तू काढ.

मी त्यांना म्हटले, “बघा, कलम हातातून काढून घेतली नाही. तिला झाडाकडे वळवले.”

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “फुलं-पानं काढू दे. माणसं नको.” आणि गेले.

पितळेच्या दारावरची फुले

फेब्रुवारीत, रमजानच्या आधी, आम्ही नववीच्या मुलींना बीबी का मकबरा दाखवायला नेले. आमच्या शहरात राहूनही बऱ्याच मुलींनी तो फक्त ईदच्या गर्दीत पाहिला होता. मी एकच अट घातली : मोबाइल नाही, वही आणि पेन्सिल आणायची. प्रत्येकीने एक फूल शोधायचे आणि उतरवायचे.

औरंगजेबाची बेगम दिलरस बानू 1657 मध्ये वारली. तिच्या कबरीवरचा हा मकबरा 1661 च्या सुमारास पुरा झाला. ताजमहालाच्या मानाने इथे संगमरवर कमी आहे. भिंतींच्या खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला संगमरवर, मधल्या भागाला आपल्या दख्खनचा काळा दगड आणि त्यावर गुळगुळीत चुनेगच्ची. लोक म्हणतात, ही ताजची गरीब नक्कल. पण हात कमी पैशातही थांबला नाही. संगमरवरात कोरता आले नाही तिथे त्याने चुन्यात फुले उमटवली.

मुख्य दरवाजा लाकडी आहे, त्यावर पितळेचा पत्रा मढवलेला आणि पत्र्यावर उठावाची वेलबुट्टी. याच दारावर वास्तुरचनाकार अताउल्लाह आणि अभियंता हंसपत राय यांची नावे कोरलेली आहेत. अताउल्लाह हे ताजमहालाचे मुख्य वास्तुकार मानले जाणारे उस्ताद अहमद लाहौरी यांचे चिरंजीव. एका मुसलमानाचे आणि एका हिंदूचे नाव एकाच दारावर, फुलांच्या शेजारी. मुलींना मी ते मुद्दाम दाखवले.

ही फुले इथवर आली कशी? तिथेच पायऱ्यांवर बसून मी ती गोष्ट सांगितली. 1620 च्या वसंतात बादशहा जहांगीर काश्मीरमध्ये होता. तिथला फुलोरा पाहून तो इतका हरखला की आपल्या आठवणींत त्याने लिहून ठेवले : इथल्या फुलांची मोजदाद होणार नाही, आणि उस्ताद मन्सूरने जी रंगवली तीच शंभराहून जास्त आहेत. त्या शंभरांतली फारच थोडी चित्रे आज उरली आहेत. लाल ट्यूलिपचे एक प्रसिद्ध चित्र अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. त्याच्या पुढच्या काळात मुघल कारागिरीत फुलझाड एकेकटे, देठ-पानांसकट, भोवती मोकळी जागा ठेवून काढायची रीत पसरली. ताजच्या भिंतींवर ते दगडात आले, शालींवर आणि गालिच्यांवर धाग्यांत आले, दख्खनमध्ये चुन्यात आणि पितळेत आले.

दरबारात माणसांची चित्रेही होत असत, मन्सूरने स्वतः पक्षी-प्राणी रंगवले. ते लपवायचे कारण नाही. पण मशिदीच्या भिंतीवर, कबरीच्या जाळीवर, मुसहफच्या पानावर कारागिराने माणूस काढला नाही. तो दरवाजा त्याने स्वतःसाठी बंद ठेवला. मग त्याची सगळी ताकद फुलात, पानात, रेषेत आणि अक्षरात उतरली. मोसंबीच्या बागेतला ताण मला तिथे आठवला. एका बाजूचे पाणी तोडले आणि दुसरीकडे बहार आला.

आत कबर जमिनीच्या पातळीखाली आहे. वरून अष्टकोनी कठड्याशी उभे राहून खाली पाहावे लागते. भोवती नाजूक कोरीवकामाची संगमरवरी जाळी. मुली एकदम शांत झाल्या. आम्ही फातिहा पढलो. मला माझी अम्मी आठवली, हे वेगळे सांगायला नको.

परत निघताना ती सुताराची मुलगी दारापाशी राहिली. पितळेवरच्या एका फुलावर बोट ठेवून म्हणाली, “मॅडम, हे फूल अब्बू करतात. पलंगाच्या उशाच्या फळीवर. अगदी असंच.”

पाहण्याचा हुकूम

त्या सहलीनंतर वर्गात आम्ही दर शनिवारी एक फूल पाहू लागलो. वीस मिनिटे फक्त पाहायचे, मग काढायचे, मग चार ओळी मराठीत लिहायच्या. पहिल्यांदा पळस आणला. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण सगळ्यांना पाठ होती, पण पळसाचे फूल कोणी हातात घेऊन पाहिले नव्हते. एका पाकळीचा आकार पोपटाच्या चोचीसारखा बाकदार असतो. केशरी पाकळ्यांखालची वाटी काळसर आणि मखमलीसारखी असते. एका मुलीने लिहिले, ‘झाडावर एकही पान नाही, तरी त्याला लाज वाटत नाही.’ मी ती ओळ लाल शाईने दुरुस्त केली नाही.

मग आंब्याचा मोहर. एका तुऱ्यावर किती फुले असतात ते मोजायला बसलो आणि साडेतीनशेवर थकलो. एका तुऱ्यात शेकड्यांनी, कधी हजारांनी फुले असतात. त्यांतली बहुतेक नर फुले, फळ धरू शकणारी थोडी. त्यांतलीही काही तुडतुडे खातात, काही भुरीने जातात, काही वाऱ्याने झडतात. शेवटी तुऱ्याला एखादे-दुसरे फळ लागते. एकीने विचारले, “मग बाकीची फुकट गेली का?” मी म्हटले, “मधमाश्यांना आणि माश्यांना विचार.” फुलांचा एवढा पसारा मांडलेला असतो म्हणून कीटक येतात, आणि ते येतात म्हणून ते एक फळ धरते.

पवित्र कुरआनात सूरह अनआममध्ये पाऊस, त्यातून उगवणारी हिरवळ, खजुरीचे लगडलेले घोस, द्राक्षे, जैतून आणि डाळिंब यांचे वर्णन आहे. आणि त्याच आयतीत सांगितले आहे की झाडाला फळ धरते तेव्हा आणि ते पिकते तेव्हा त्याच्याकडे पाहा. ही आयत मी लहानपणापासून पढत आले आहे. त्यात खा असे नव्हे, पाहा असे सांगितले आहे, हे मात्र मला चाळिशी उलटल्यावर, मुलांबरोबर मोहर मोजताना उमगले. पाहणे हाही हुकूम आहे. आणि चित्र काढणे म्हणजे डोळ्याला घाई करू न देणे. पेन्सिल हातात असली की नजर निसटत नाही.

अम्मी हेच करत होती. तिच्याजवळ त्यासाठी शब्द नव्हते, तसबीहसारखे एकेक टाके होते.

ताण किती द्यायचा?

रमजान सुरू होण्याच्या दोन दिवस आधी मी त्या मुलीच्या घरी गेले. पुढच्या खोलीतच वडिलांचे काम चालते. भिंतीला पटाश्या लावलेल्या, खाली भुसा. सागाच्या फळीवर ते फूल अर्धे कोरलेले होते. मी म्हटले, “भाई, हे मकबऱ्याच्या दारावरचं फूल आहे.”

ते हसले. “आमच्या वालिदांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या उस्तादांनी. कुठून आलं कोणास ठाऊक. आता गिऱ्हाईक मशीनवर कोरलेलं मागतं. स्वस्त पडतं.” मग मुलीची वही पुढे केली. “हिने नवे नमुने काढलेत. पळसाचा एक आहे. एका गिऱ्हाइकाला दाखवला, त्याला आवडला.”

मला आनंद झाला. पण सगळी गोष्ट गोड झाली असे मी लिहिणार नाही. एलिमेंटरीला स्मरणचित्र असते, त्यात माणसे काढावी लागतात. वडिलांनी त्याला होकार दिलेला नाही. मुलगी मला म्हणाली, “मॅडम, फुलं मला आवडतात. पण परीक्षाही द्यायची होती.” तिच्या डोळ्यांत पाणी होते. पुढच्या वर्षी काय होईल ते मला माहीत नाही. वडील म्हणाले आहेत की मौलानासाहेबांना विचारतो. ते विचारतील असा मला विश्वास आहे.

म्हणून वर्गातल्या त्या मुलाच्या मामूंना मी फोन केला आणि एकच विचारले, “ताण जास्त झाला तर काय होतं?”

ते म्हणाले, “मॅडम, झाड वाळतं. आमची जमीन भारी, ती जास्त दिवस ताण सोसते. हलक्या जमिनीत लवकर तोडावा लागतो. कॅलेंडर बघून ताण देत नाहीत, पानं बघून देतात. आणि आधी झाडात ताकद असावी लागते. आजारी झाडाला ताण द्यायचाच नाही.”

हे ऐकून मला आपल्या दीनची आठवण झाली. रोजा फर्ज आहे, पण आजाऱ्याला आणि प्रवाशाला सवलत आहे. आणि संध्याकाळ होताच इफ्तारला उशीर करू नये अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. ताण तोडण्याची वेळही ठरलेली आहे.

आपण आईबाप मुलांना कितीतरी गोष्टींना नाही म्हणतो. काही वेळा म्हणावेच लागते. पण ‘नाही’ म्हणून झाल्यावर आपण कशाला ‘हो’ म्हणतो? गाणे नको, चित्र नको, मैदान नको, म्हणून सगळे पाणी तोडले आणि मग विसरून गेलो, तर बहार कुठून येणार? इब्ने अब्बासांनी त्या चित्रकाराला एक दार बंद केले आणि लगेच दुसरे दाखवले. निदान तेवढे तरी आपण करावे. आणि रोज आपल्या मुलांची पाने पाहावीत.

अर्धा अभ्रा

ईदच्या आदल्या रात्री चांद दिसल्यावर मी अम्मीची पेटी उघडली. रेशीमदोऱ्याच्या लड्या, अंगठीसारखे टोपण, रिंगमध्ये ताणून बसवलेला पांढरा अभ्रा. रिंग घट्ट असल्याशिवाय टाका सरळ पडत नाही, हे अम्मीच सांगायची. कापडालाही ताण लागतो. एका फांदीवर कडुनिंबाची सात फुले होती. आठव्याच्या तीन पाकळ्या झाल्या होत्या. सुईला थोडा गंज चढला होता.

माझी मुलगी सहावीत आहे. ती शेजारी येऊन बसली. म्हणाली, “दादीचं फूल मी पुरं करू?”

माझ्या तोंडात ‘नको, खराब होईल’ हेच आले होते. ते गिळले. नवी सुई ओवून दिली. सकाळी अंगणातून एक ताजे फूल आणून ताटलीत ठेवले आणि तिला म्हटले, “आधी पाकळ्या मोज.”

तिची चौथी पाकळी वाकडी झाली आहे. पाचवी बरी आहे.

सहीह मुस्लिममध्ये आहे की मदिनेत हंगामाचे पहिले फळ आले की लोक ते प्रेषितांकडे (स.) आणत. ते त्या फळांसाठी आणि शहरासाठी बरकतची दुआ करीत आणि मग ते फळ तिथल्या सर्वांत लहान मुलाच्या हातावर ठेवीत. लवकरच आपल्याकडे पहिला आंबा येईल. तो कापण्याआधी घरातल्या लहानग्याच्या हाती द्या. जमले तर त्याला विचारा, या आंब्याचे फूल तू पाहिले होतेस का? नसेल पाहिले, तर पुढच्या पौष-माघात मोहर येईल तेव्हा त्याला झाडाखाली घेऊन जा. वही-पेन्सिल बरोबर ठेवा. आणि घाई करू नका.